एका तबकडीची प्रतीक्षा

आजचा विषय तुम्हांला जरा दूरदेशीचा वाटेल. विलायतेतल्या चार गाणाऱ्या पोरांनी एक रेकॉर्ड काढायला घेतली, आणि ती दुकानात येईपर्यंत तिकडची लाखो मुलंमुली ताटकळत बसली, एवढीच ही हकीकत. यात इतिहास तो काय, असे एखादे गुरुजी विचारतील. पण लोक कशासाठी वाट पाहत होते आणि वाट पाहता पाहता त्यांच्यात काय बदल झाला, हेही इतिहासातच जमा धरावे लागते. शिवाय ही गोष्ट आहे ऐकण्याची. रेडिओपुढे बसणाऱ्या माणसांना ती सांगितली तर वावगे होणार नाही.

ती चार पोरं म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. राहणारी लिव्हरपूल या बंदराची. त्यांच्या मेळ्याचे नाव बीटल्स. गाणे रॉक पद्धतीचे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या गाण्यातून पुष्कळसे आलेले, विजेच्या गिटारी आणि ड्रमच्या ठेक्यावर चालणारे हे गाणे. १९६३ साली त्यांची पहिली मोठी रेकॉर्ड निघाली. तिच्यातल्या चौदा गाण्यांपैकी दहा गाणी एका दिवसात, ११ फेब्रुवारीला, सकाळी सुरू करून रात्रीपर्यंत मुद्रित केलेली होती. शेवटच्या गाण्याला लेननचा घसा पार बसलेला होता. काम उरकायचे, गाडी पकडायची, दुसऱ्या गावी तमाशाच्या फडासारखे पुन्हा उभे राहायचे, अशी ती धावपळ.

आणि लोक ऐकायला येत का? येत हो, हजारोंनी येत. पण ऐकत मात्र नसत. पडदा वर गेला की मुलींच्या किंकाळ्या सुरू होत आणि चौघे आत जाईपर्यंत थांबत नसत. १५ ऑगस्ट १९६५ या दिवशी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर पंचावन्न हजारांहून अधिक माणसं जमली होती. खेळाच्या मैदानातले ते ध्वनिवर्धक. त्यातून निघालेला आवाज त्या गदारोळात कुठल्या कुठे विरून जाई. मागे बसलेल्या रिंगोला पुढचे तिघे काय वाजवताहेत ते ऐकू येत नसे. त्यांच्या माना आणि कंबरा कशा हलताहेत ते पाहून तो ठेका धरी. आपल्याकडे भजनात टाळकऱ्याला पखवाज ऐकू आला नाही तर काय होईल, याची कल्पना करा.

प्रेमाचा इतका मारा झाला की कलावंताला आपलीच कला ऐकू येईना. याला दोष कोणाला द्यावा? ती पोरं चाहती होती, वैरी नव्हती. पण १९६६ च्या उन्हाळ्यात प्रेमाबरोबर रागही आला. आपण येशूपेक्षा लोकप्रिय झालो आहोत, अशा अर्थाचे लेननचे एक वाक्य अमेरिकेत पोचले आणि दक्षिणेकडच्या काही गावांत त्यांच्या रेकॉर्डींची होळी झाली. त्या होळीसाठी आवाहन करणाऱ्यांत काही रेडिओ केंद्रेही होती, हे आपण रेडिओवाल्यांनी विसरू नये. अखेर २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्क मैदानावर ते शेवटचे गायले. बेचाळीस हजारांची जागा, माणसं आली पंचवीस हजार. अर्ध्या तासाच्या आसपास कार्यक्रम झाला. पॉलच्या सांगण्यावरून त्यांच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने लहानशा टेपयंत्रावर तो टिपून घेतला, तर शेवटचे गाणे चालू असतानाच फीत संपली. त्याच महिन्यात ‘रिव्हॉल्व्हर’ नावाची त्यांची नवी रेकॉर्ड निघाली होती. तिच्यातले एकही गाणे त्या दौऱ्यात त्यांनी म्हटले नाही. म्हणणे शक्यच नव्हते. खोलीत बसून नाजूकपणे विणलेली गाणी त्या कोलाहलात टिकणार कशी?

पुन्हा दौरा काढायचा नाही, हे त्यांनी आपसांत ठरवले. चाहत्यांना मात्र कोणी काही स्पष्ट सांगितले नाही. इथून पुढे वाट पाहणे सुरू झाले.

तेव्हाच्या विलायती मुलामुलींची सवय ध्यानात घेतली पाहिजे. साडेतीन वर्षांत बीटल्सच्या सात मोठ्या रेकॉर्डी निघाल्या होत्या, छोट्या वेगळ्याच. मोठी म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी लाँगप्ले, आणि छोटी म्हणजे पंचेचाळीस फेऱ्यांची, दोन बाजूंना दोन गाणी असलेली. १९६३, ६४ आणि ६५ या तिन्ही वर्षी नाताळाच्या तोंडावर नवी लाँगप्ले बाजारात आली होती. आपल्याकडे दिवाळी अंक यावा तशी ती येई. खाऊचे पैसे जमवून पोरं ती घेत. १९६६ चा नाताळ आला आणि नवी रेकॉर्ड नाही! कंपनीने जुनीच सोळा गाणी एकत्र करून विकायला ठेवली. त्यात एक तेवढे विलायतेत नवे होते. चाहत्यांच्या मंडळाचे जे सभासद होते त्यांना दरसालच्या रिवाजाप्रमाणे पातळ प्लॅस्टिकची एक भेट-तबकडी टपालाने आली. तीत चौघांनी नाटकी विनोद केले होते. भुकेल्याला बत्तासा दिला, एवढेच.

मग वावड्या उठल्या. चौघांचे फाटले म्हणे. आता मेळा मोडला म्हणे. दिसायलाही तसेच दिसत होते. लेनन एका चित्रपटात काम करायला जर्मनीत आणि मग स्पेनमध्ये गेला. पॉल एका चित्रपटाच्या संगीतात गुंतला. जॉर्ज हॅरिसन तर सप्टेंबरात थेट आपल्या मुंबईला आला, पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला. ओळखू येऊ नये म्हणून मिशा राखून आला होता. पण ताजमहाल हॉटेलात त्याला कोणी तरी ओळखले आणि बाहेर पोरांची गर्दी जमली. वार्ताहरांना बोलावून त्याला सांगावे लागले की बाबांनो, मी इथे बीटल म्हणून आलेलो नाही, शिकायला आलो आहे. मग गुरुशिष्य काश्मीरकडे निघून गेले. ज्या गोंगाटातून सुटायला तो पळाला, तो अपोलो बंदरापर्यंत त्याच्यामागे आला, याचे हसूही येते आणि कीवही.

इकडे रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या एका मालिकेसाठी चार तरुण निवडून मंकीज नावाचा मेळा बनवला गेला. बीटल्सच्या सुरुवातीच्या दिवसांचीच ती नक्कल होती. जानेवारी १९६७ मध्ये त्यांचे गाणे विलायतेत पहिल्या क्रमांकावर गेले. बारा-तेरा वर्षांच्या पुष्कळ मुली तिकडे वळल्या. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या वयाला उद्या लागतो तो आजच लागतो.

मग हे चौघे करत होते काय? २४ नोव्हेंबर १९६६ पासून ते लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात संध्याकाळी शिरत आणि पहाटे बाहेर पडत. जॉर्ज मार्टिन हे त्यांचे निर्माते. वयाने वडील आणि संगीतशास्त्राचे शिक्षण घेतलेले. तंत्रज्ञ जॉफ एमरिक विशीतला. आज घरच्या मोबाइलवरही होते त्या मानाने त्यांचे यंत्र साधे होते. एका फितीवर चार पट्टे. एकावर ढोल, दुसऱ्यावर गिटार, असे चार भरले की ते चारही एकत्र करून दुसऱ्या फितीच्या एका पट्ट्यावर उतरवायचे, म्हणजे तीन पट्टे मोकळे. पुन्हा भरायचे. जे एकदा एकत्र केले ते सुटे होत नाही. त्यामुळे पुढचे सारे मनात बांधून मगच हात घालावा लागे.

पहिले गाणे घेतले ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’. लिव्हरपूलच्या एका अनाथाश्रमाचे ते नाव. लेनन लहानपणी तिथे खेळायचा. या गाण्याची दोन रूपे तयार झाली. एक संथ, एक जलद, आणि दोघांची पट्टीही वेगळी. लेनन म्हणाला, पहिल्याची सुरुवात हवी आणि दुसऱ्याचा शेवट हवा, तेवढं जोडून द्या! मार्टिन आणि एमरिक यांनी एकीचा वेग किंचित वाढवला, दुसरीचा कमी केला, तेव्हा दोन्ही पट्ट्या जुळून आल्या आणि फीत कापून सांधली. गाणे सुरू झाल्यावर मिनिटभराने तो सांधा येतो. माहीत असेल तरच कळतो. या एका गाण्यावर पन्नासांहून अधिक तास गेले, म्हणजे चार वर्षांपूर्वी अख्ख्या रेकॉर्डीला लागले त्याच्या काही पटींनी.

कंपनी आणि व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांना धीर धरवेना. काहीतरी द्या, लोक विसरतील, असा त्यांचा धोशा. तेव्हा हे गाणे आणि पॉलचे ‘पेनी लेन’ अशी दोन गाणी १७ फेब्रुवारी १९६७ रोजी छोट्या रेकॉर्डीवर निघाली. विलायतेत एक चांगला दंडक होता. जे गाणे छोट्या रेकॉर्डीवर विकले ते पुन्हा मोठ्या रेकॉर्डीत घालून चाहत्यांकडून दोनदा पैसे काढू नयेत. म्हणून ही दोन्ही गाणी येणाऱ्या लाँगप्लेमधून वगळली गेली. पुढे मार्टिन यांनी हीच आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक मानली. मला मात्र त्या दंडकाचा आदर वाटतो. मालाबरोबर गिऱ्हाइकाचीही चाड ठेवणारा व्यापार फार पाहायला मिळत नाही.

आणि ही रेकॉर्ड विक्रीच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकली. पहिला राहिला एंगलबर्ट हम्पर्डिंक, मद्रासेत जन्मलेला एक गोड गळ्याचा गायक. चार वर्षांत असे प्रथमच घडत होते. वर्तमानपत्रांना तेवढेच हवे होते. फुगा फुटला, असा सूर लागला. अमेरिकेत ११ मार्चला ‘अमेरिकन बँडस्टँड’ या कार्यक्रमात या गाण्यांची चित्रफीत दाखवून जमलेल्या पोरांना मत विचारले. त्यांचे निम्मे लक्ष मिशांवर! मिशा बघून कोणाला ते म्हातारे वाटले, कोणाला विचित्र. गाणेही काहींना कळेना. नाचायचे कसे यावर?

इथे थोडे थांबू या. त्या पोरांच्या जागी आपण असतो तर काय केले असते? आवडत्या माणसाला बऱ्याच महिन्यांनी भेटावे आणि त्याचा चेहरामोहराच बदललेला दिसावा. काही जण म्हणाले, हे आमचे नव्हेत, आणि गेले. काही जणांनी ती छोटी रेकॉर्ड पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. किंकाळी मारून जे कळत नव्हते ते गप्प बसून कळायला लागले. चाहत्यांचे दोन भाग पडले ते या वाट पाहण्याच्या काळात, आणि माझ्या मते नव्या रेकॉर्डीइतकीच ही गोष्ट महत्त्वाची आहे. रेकॉर्ड चौघांनी आणि त्यांच्या साथीदारांनी बनवली. तिचा श्रोता मात्र त्या रिकाम्या महिन्यांनी बनवला.

एप्रिलमध्ये काम संपले. एकूण सातशेच्या आसपास तास लागले असे सांगतात. नाव ठेवले ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’. कल्पना पॉलची. आपण बीटल्स नाहीच, दुसराच कुठला तरी जुन्या वळणाचा बँड आहोत असे सोंग घ्यायचे, म्हणजे लोकांच्या अपेक्षांचे ओझे अंगावर राहत नाही. बहुरूप्याला हे गुपित ठाऊक असते. सोंग घेतले की जीभ मोकळी होते. रेकॉर्ड हाती आली तेव्हा एका पहाटे ते चेल्सी भागातल्या एका मैत्रिणीच्या घरी गेले, खिडक्या उघडल्या, ध्वनिवर्धक खिडकीत ठेवले आणि मोठ्याने ती लावली. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या, पण कोणी तक्रार केली नाही, अशी आठवण त्यांच्या साथीदाराने सांगितली आहे.

आता रेडिओचा भाग. त्या काळी बीबीसीवर रेकॉर्डी वाजवण्याला तासांची मर्यादा होती. म्हणून तरुण मंडळी किनाऱ्याबाहेर समुद्रात नांगरलेल्या जहाजांवरची चोरटी केंद्रे ऐकत. आपल्याकडे सिनेमाची गाणी ऐकायला लोक सिलोनचा काटा शोधत, तसेच म्हणा ना. अशाच एका जहाजावरच्या ‘रेडिओ लंडन’ केंद्राने १२ मे १९६७ रोजी ही गाणी सर्वांच्या आधी ऐकवली. पोरं उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन बसली होती. २० मे रोजी बीबीसीवर केनी एव्हरेटने एक सोडून बाकीची सगळी गाणी वाजवली. सोडलेले होते ते शेवटचे, ‘अ डे इन द लाइफ’. त्यातल्या शब्दांमुळे मादक पदार्थांना उत्तेजन मिळेल असे ठरवून बीबीसीने त्यावर बंदी घातली होती. बंदी अगदीच निराधार नव्हती. त्या वर्षी ही मंडळी त्या नादात होती आणि पॉलने पुढच्याच महिन्यात तसे कबूलही केले. पण या बंदीमुळे झाले असे की ते गाणे ऐकायचे तर रेकॉर्ड विकत घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तारीख ठरली होती १ जून. मागणी इतकी की विलायतेतल्या दुकानांत ती २६ मेलाच येऊन थडकली. पहिल्या सात दिवसांत अडीच लाख प्रती गेल्या.

हातात घेतली तर ती पुस्तकासारखी उघडे. आत कापून खेळायला खोट्या मिशा आणि बिल्ले यांचा कागद. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले. रॉकच्या रेकॉर्डीवर असे तोवर फारसे कोणी करत नसे. शिक्षक मंडळींनी हे लक्षात घ्यावे. जी मुले एरवी गाण्यात नुसती ओरडत होती ती आता जमिनीवर बसून, ओळीवर बोट ठेवून, गाणे वाचू लागली. दोन गाण्यांच्या मध्ये नेहमीसारखी मोकळी जागाही जवळजवळ ठेवलेली नव्हती, त्यामुळे सुई उचलून आवडते गाणे शोधायची सोय नाही. एक बाजू सुरू केली की संपेपर्यंत ऐकायची. दुसऱ्या बाजूच्या आरंभी हॅरिसनचे गाणे होते, सतार, दिलरुबा, तंबोरा आणि तबला यांच्या साथीचे. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय वादकांनी ती साथ केली होती. मुंबईच्या त्या वारीचे हे फळ.

मुखपृष्ठावर चौघांच्या मागे जगातल्या नामवंतांची गर्दी उभी केलेली. त्यात आपल्याकडचे चार योगीपुरुष आहेत. महात्मा गांधींची आकृतीही आधी तयार केलेली होती. पण कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी ती काढायला लावली, भारतात लोकांच्या भावना दुखावतील म्हणून. याच कंपनीच्या शाखेचा रेकॉर्डींचा मोठा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला होता, हे ध्यानात घेतले की त्या सावधगिरीचा उलगडा होतो.

सगळ्यांनाच ती आवडली असे नाही. न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने १८ जूनला तिच्यावर कडक टीका केली. वरवरच्या चमत्कृतीत गाणे हरवले, असा त्याचा आक्षेप. वाचकांनी संतापून पत्रांचा ढीग पाठवला. टीकेत अगदीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. काही गाणी आज ऐकताना सजावटीने दबलेली वाटतात. पण पत्रे लिहिणारी मंडळी आता गाण्याच्या बांधणीवर वाद घालत होती, हे पाहण्यासारखे आहे. लँग्डन विनर या लेखकाने पुढे लिहिले की त्या आठवड्यात तो मोटारीने अमेरिका ओलांडत होता, आणि ज्या ज्या गावी तो पेट्रोलला वा जेवायला थांबला तिथे कुठल्या ना कुठल्या ट्रान्झिस्टरमधून हीच गाणी येत होती.

मला मात्र या साऱ्यात ४ जूनच्या रविवारची हकीकत अधिक आवडते. लंडनच्या सॅव्हिल थिएटरात त्या रात्री जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन गिटारवाल्याचा कार्यक्रम होता. रेकॉर्ड निघण्याची ठरलेली तारीख उलटून तीनच दिवस झाले होते. हेंड्रिक्स रंगमंचावर आला आणि त्याने पहिलेच गाणे सुरू केले ते ‘सार्जंट पेपर’चे. रेकॉर्ड ऐकून, आपल्या ढंगाने, आपल्या तिघांच्या मेळ्यासह बसवलेले. समोर प्रेक्षकांत पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन बसले होते. जे गाणे त्यांनी स्वतः लोकांपुढे एकदाही म्हटले नव्हते, ते खुर्चीवर बसून ते ऐकत होते.